इकडील सर्व खुशाल

दुकानाचं रजिस्टर पत्र देऊन झालं, पावती खिशात गेली, आणि चंद्रभान पोस्टाच्या खिडकीपासून वळणार तेवढ्यात त्याच्या तोंडून निघून गेलं, "अन् चार कार्डं द्या." खिडकीपलीकडे व्यंकटराव होते. बारा वर्षं परभणीच्या त्याच खिडकीत बसलेला माणूस. कार्डांच्या गठ्ठ्याकडे गेलेला त्यांचा हात अर्ध्यात थांबला. त्यांनी चष्म्यावरून चंद्रभानकडे एकदा बघितलं, मग चार कार्डं मोजली आणि सरकवली. "कोइमतूर का?" त्यांनी विचारलं. चंद्रभानने मान हलवली. नको म्हणायला वेळ होता, पण मागे रांग होती, आणि नको म्हणायचं तर का नको हेही सांगावं लागलं असतं. बाहेर येऊन सायकलचं कुलूप काढायला गेला तर किल्ली भोकात जाईना. दोन वेळा त्याने ती उलटीच घातली. दीड वर्षात तो या पोस्टात शंभरदा आला असेल, तिकिटं घेतली असतील, पार्सलं सोडवली असतील, पण कार्डांचं नाव जिभेवर आलं नव्हतं. आज गावाला जायचं म्हटल्याबरोबर जिभेनं आपलं जुनं काम बिनबोभाट उरकून टाकलं. गाडीला अजून चार तास होते.

चंद्रभान तसा तयारीचा माणूस. मोंढ्यातल्या बन्सीधर शेठच्या इंजिन-पंपांच्या दुकानात तो खरेदी सांभाळायचा, आणि वर्षातून एकदा महिनाभर कोइमतूरला जाऊन पंपांचे सुटे भाग बघून, पारखून, पेट्या भरून रेल्वेने रवाना करायचा. पालमजवळच्या खेड्यातून आलेला, धर्मांतराच्या वर्षी मॅट्रिक झालेला, वस्तीतला पहिला इस्त्रीचा सदरा घालणारा हा गडी. परमुलखात भाषा येत नाही, माणूस ओळखीचं नाही, तर निदान तयारी तरी पक्की हवी असं त्याचं म्हणणं. होल्डॉलच्या कोणत्या कप्प्यात काय हे ठरलेलं. लॉजचा पत्ता तीन ठिकाणी लिहिलेला. ओवा, सुंठ, सुई-दोरा, जादा बटणं, ट्रंकेला साखळी. दुकानातली माणसं थट्टा करायची, लामांचा चंद्रभान पाण्यात पडला तरी खिशातून कोरडा रुमाल काढील. तो हसायचा. घरचा घोर डोक्यात घेऊन माणूस मालाची पारख करू शकत नाही, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. काल शेठनेसुद्धा तेच सांगितलं, त्यांच्या त्या अर्ध्या मराठी अर्ध्या हिंदीत. "दीड साल मैंने दुसऱ्याला भेजा. आता तुम्हीच जा. रिझर्वेशन केलंय, लॉजवाल्याला लिहिलंय, सगळा इंतजाम आहे. बेफिकीर जाओ." बेफिकीर हा शब्द ऐकला आणि चंद्रभान समोरच्या पंपावरचं लेबल पुन्हा पुन्हा वाचायला लागला. शेठना त्यात काही दिसलं नाही, ते हिशेबाची वही शोधत आत गेले.

सायकल हातात धरून तो चालत निघाला. फाल्गुनातलं ऊन पाठीवर होतं आणि वरच्या खिशातली कार्डं सदऱ्यातून टोचत होती. चार गुरुवार, चार कार्डं. ही युक्ती त्याचीच. त्याच्या बायकोला, सरजाला, लिहिता येत नव्हतं. पहिल्या दौऱ्याला तिने शेजारच्या एका मास्तराकडून पत्र लिहवून घेतलं, त्या मास्तराने त्यात आपल्या पदरचं एवढं काही घुसडलं की चंद्रभान परमुलखात दोन रात्री तळमळला. तेव्हापासून तो निघायच्या आधीच कार्डं लिहून ठेवायचा. स्वतःच्या हाताने, स्वतःलाच. एका बाजूला लॉजचा पत्ता, दुसऱ्या बाजूला मजकूर: सप्रेम जयभीम. इकडील सर्व खुशाल आहे. आमचा घोर करू नये. आणि खाली उजव्या कोपऱ्यात तिची सही, तीही त्याच्याच अक्षरात, सरजा. तिने दर गुरुवारी डब्यातलं एक कार्ड नेऊन पेटीत टाकायचं, बास. चारही कार्डं सारखी वाटू नयेत म्हणून तो प्रत्येकात काहीतरी वेगळं घालायचा. एकात लेकीला, कस्तुराला, खोकला झाला होता तो बरा आहे. एकात उडीद वाळवून डब्यात भरले. सरजा भाकरी थापता थापता ऐकायची आणि खुदकन हसायची. "आवं, कस्तुराला खोकला कवा झाला?" "झाला न्हाई. खरं वाटावं म्हणून लिहिलाय." "मंग मला बी काहीतरी होऊ द्या की." लबाड हसायची. आणि एकदा हसणं थांबवून म्हणाली होती, "त्यापरीस मला लिवाय शिकवा की. धा-बारा अक्षरं तर लागत्यात. माझं म्या लिवीन, खोटा खोकला कशाला?" तो म्हणाला होता, या खेपेहून आलो की. त्या खेपेहून आला तेव्हा जयंतीची तयारी होती. जयंतीला त्याने वस्तीसमोर स्त्रियांच्या शिक्षणावर पाऊण तास भाषण केलं, आणि सरजाने पुढच्या रांगेत बसून सगळ्यांत आधी टाळी वाजवली. आठ वर्षांत तिला स्वतःचं नाव लिहायला शिकवणं त्याला जमलं नव्हतं, कारण आयती कार्डं लिहून देणं सोपं होतं.

चौऱ्याहत्तरच्या भादव्यात तो निघाला त्या दिवशी तिचं अंग जरा गरम होतं. जरा म्हणजे जराच. तिनेच दशम्या केल्या, तिनेच होल्डॉलचे पट्टे ओढले. तो कार्डं लिहीत बसला होता. कपाळाला हात लावून बघितला आणि एका कार्डात लिहून टाकलं: माझा ताप आता उतरला आहे. "पहिल्या गुरुवारी हे टाक," तो म्हणाला. ती म्हणाली, "तुमीच लिवलंय म्हणल्यावर उतरलाच." आणि जाताना त्याने उंबऱ्यात उभं राहून आईला आणि तिला बजावलं, तार करायची नाही. तार म्हटली की माझं काळीज हलतं, हातातलं काम पडतं. काय असेल ते कार्डानं. आई, चतुराबाई, म्हणाली, बरं बाबा, न्हाई करत तार. जन्मात त्या बाईने कुणाला दिलेला शब्द मोडला नव्हता.

कोइमतुरात पहिलं कार्ड आलं ते खोकल्याचं. चंद्रभानने मनात म्हटलं, अदलाबदल झाली वाटतं, बरोबरच आहे, त्यांना काय कळणार कोणतं कुठलं. दुसरं आलं ते उडदाचं. आणि खरं सांगायचं तर त्या आठवड्यात तो जरा बेचैन होता, तापाचं कार्ड अजून आलं नाही म्हणून. आपणच लिहिलेलं कार्ड, मजकूर तोंडपाठ, तरी त्याची वाट बघत होता. बुधवारी लॉजच्या पोऱ्याने खोलीच्या दाराखालून तिसरं सरकवलं. त्याने उचललं तेव्हा खालचा कोपरा फाटलेला होता. बोटाएवढा. सरजामधला स आणि र राहिला होता, जा गेला होता. एक क्षण, खरोखरच एकच क्षण, त्याने ते हात लांब करून उंबऱ्याबाहेर धरलं. तो खेड्यातच वाढला होता. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे काय हे पालमच्या बाजूला शेंबड्या पोराला कळतं. तसलं कार्ड कुणी घरात घेत नाही. पोस्टमन लांबूनच धरतो, माणसं उंबऱ्याबाहेर येतात, कोपरा बघतात आणि हंबरडा फोडतात. आत काय लिहिलंय ते वाचत कुणीच नाही, वाचणारा वस्तीत नसतोच, आणि वाचण्यासारखं उरलेलंही काही नसतं. चंद्रभान शिकलेला होता. त्याने वाचलं. इकडील सर्व खुशाल आहे. माझा ताप आता उतरला आहे. निळ्या शाईतलं, वळणदार, त्याचं स्वतःचं अक्षर, ज्याच्यावर दुकानाचा सगळा व्यवहार चालायचा. त्याने कार्ड आत घेतलं आणि दार लावलं. उतरला बाबा ताप, तो मोठ्याने म्हणाला. टपालातली माणसं कार्डं कशीही फेकतात, असंही म्हणाला. तसलं काही असतं तर तार आली असती, असंसुद्धा त्याच्या मनात आलं, आणि तार करू नका हे आपणच सांगून आलोय हे त्या घडीला आठवलं नाही. मग कारखान्यात गेला. पंप फिरवणाऱ्या पट्ट्यांची मापं लिहून घ्यायला जवळ कागद नव्हता, तेव्हा त्याच कार्डाच्या पत्त्याशेजारच्या कोऱ्या जागेत लिहिली. बी बेचाळीस, बी अठ्ठेचाळीस, बी बावन्न. पुढचे चार दिवस त्याच्या डोक्याला कसलाही घोर नव्हता. इतकं निवांत त्याला कधी वाटलं नव्हतं. सरजासाठी हिरव्या काठाचं सुती लुगडं घेतलं, दुकानदाराशी खाणाखुणांनी घासाघीस केली. मद्रासला एक दिवस मुद्दाम उतरला, समुद्र बघितला, पायजमा वर धरून पाण्यात उभा राहिला, आणि पुढच्या खेपेला हिला आणायचं असं ठरवलं. तेव्हा तिला जाऊन तेरा दिवस झाले होते. आता सायकल धरून चालताना त्याला सगळ्यांत जास्त काय छळत असेल तर ते पाणी. पायांखालची वाळू सरकत होती आणि त्याला गुदगुल्या झाल्या होत्या, तो एकटाच हसला होता.

त्या खेपेहून परतून दारात टांग्यातून उतरला तेव्हा बगलेत लुगड्याचं पुडकं होतं. आई उंबऱ्यात बसली होती. तिने वर बघितलं आणि विचारलं, "कार्ड भेटलं न्हाई व्हय रं तुला?" खोटं बोलायची वाट तिनेच काढून दिली. घरात काय झालंय ते त्याला तिच्या तोंडाकडे बघूनच कळलं, कार्डावरचा कोपरा त्याच घडीला डोळ्यांपुढे आला, आणि मान हलली. न्हाई भेटलं. तेवढी एक मान. मग सगळं ऐकलं. मुदतीचा ताप होता. दुसऱ्या गुरुवारीसुद्धा सरजा स्वतः कस्तुराला घेऊन पेटीपर्यंत गेली होती, लेकीला कडेवर उचलून तिच्या हातून कार्ड टाकलं होतं. त्यानंतर उठली नाही. मंगळवारी गेली. बन्सीधर शेठ येऊन म्हणाले होते, तार करतो, आणि आईने सांगितलं होतं, "त्यानं तार नगं म्हणलंय. कार्ड धाडते. कोपरा बघितला की येतंय बगा माझं लेकरू." गुरुवार उजाडल्यावर तिने डब्यातलं वरचं कार्ड काढलं, कोपरा फाडला आणि सात वर्षांच्या नातीच्या हातात दिलं. शेठने पुन्हा विचारलं तेव्हाही ती म्हणाली, येतोच आता. मरणानंतरचा जलदानाचा विधी तिने दोनदा पुढे ढकलला. लोक म्हणाले, किती थांबायचं? ती म्हणाली, कार्ड गेलंय. पुढे दीड वर्ष आई पोस्टाला शिव्या देत राहिली. "मेल्यायनी माझं एक कार्ड पोचवलं न्हाई." चंद्रभान ऐकून घ्यायचा. पोस्टावर ढकललेलं पाप पोस्टाला जड जात नाही, असं त्याने स्वतःला समजावलं होतं. कार्ड त्याने लुगड्याच्या घडीत घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवलं. फाडून टाकायचं त्याच्या मनात कितीदा आलं, पण आईने कोपरा फाडून धाडलेलं तेवढंच एक कार्ड खरं होतं, बाकी सगळी त्याचीच होती.

आज पोस्टातून घरी पोचला तेव्हा आई चुलीपुढे दशम्या करत होती. दुधात भिजवलेल्या पिठाचा वास घरभर होता. वर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली होल्डॉल उघडा पसरलेला. कस्तुरा सकाळची शाळा करून आली होती आणि होल्डॉलवर पालथी पडून त्याचे पट्टे काढघाल करत होती. नऊ वर्षांची झाली होती, केस सरजासारखेच दाट. चंद्रभानने खिशातली कार्डं काढून तिच्यापुढे ठेवली. मनात काही ठरवलेलं नव्हतं. "ही तुज्याकडं ठेव," तो म्हणाला. "आता तुला लिवाय येतंय. दर गुरुवारी एक लिवायचं. जे असंल ते. खोकला असंल तर खोकला. अन् पेटीत टाकायचं."

पोरगी उठून बसली. कार्डांना तिने हात लावला नाही. "म्या लिवते," ती म्हणाली. "टाकाय आज्जीला सांगा."

"आज्जीचे गुडघे धरल्यात. पेटी कोपऱ्यावर तर हाय."

"म्या न्हाई टाकणार."

"का गं?"

ती पट्ट्याचं बकल दाबत राहिली. मग खाली बघूनच म्हणाली, "माज्या हातानं पोचत न्हाई."

चंद्रभानला आधी समजलंच नाही. पोरगी शाळेत जाताना कोपऱ्यावरून न जाता पाठच्या गल्लीने वळसा घालून जाते हे त्याने पाहिलं होतं, आणि तिला आईची आठवण होत असेल म्हणून कधी विचारलं नव्हतं. आता ती बोलायला लागली तर थांबेना. "माय उचलून घ्यायची. त्या दिशी कुणी न्हवतं. माजा हात पुरना. म्या उडी मारली अन् टाकलं. आत पडल्याचा आवाज आला न्हाई. वारं लय व्हतं. म्या भिऊन पळून आले, मागं बघितलं न्हाई. आज्जीनं इचारलं, टाकलं का, म्या व्हय म्हणलं." तिने नाक ओढलं. "तुमी आला न्हाईत तवा मला कळलं. उडून गेलं आसंल. म्या आज्जीला आजून सांगितलं न्हाई. पोस्टवाल्याला ती शिव्या द्यायलीय तर मला कसंतरीच व्हतंय."

दीड वर्ष. घरातल्या घरात, त्याच्या शेजारी झोपून, सात वर्षांची, आठ वर्षांची, नऊ वर्षांची होत हे पोर ते ओझं वाहत होतं, आणि हा पोस्टावर ढकलून मोकळा झाला होता. चंद्रभानला रडू आलं नाही, त्याला स्वतःची किळस आली. तो उठला. ट्रंक ओढली, तिचे पाय फरशीवर करकरले. कपडे बाजूला केले, तळाचं हिरव्या काठाचं लुगडं काढलं, घडी मोडली. कार्ड पिवळं पडलं होतं. ते त्याने कस्तुराच्या हातात दिलं आणि तिच्यापुढे उकिडवा बसला.

तिने ते उलटं-सुलटं केलं. बोट ठेवून वाचायला लागली, शाळेत वाचतात तसं, मोठ्याने. "सप्रेम जयभीम. इकडील सर्व खुशाल आहे. माझा ताप आता उतरला आहे. आमचा घोर करू नये. स... र... पुढचं फाटलंय." पलटलं. "बी बेचाळीस. बी अठ्ठेचाळीस. हे काय हाय?"

"पट्ट्यायची मापं."

"कवा लिवली?"

"तितंच. कारखान्यात."

"कोइमतूरला?"

"व्हय."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याला वाटलं आता ती विचारील, आणि तो सांगणार होता. पण पोरीच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळत गेलं, गालावरचं पाणी तसंच, आणि ती ताडकन उभी राहिली. "पोचलं व्हतं!" ती ओरडली. "आज्जी! आगं पोचलं व्हतं कार्ड! म्या बरुबर टाकलं व्हतं! ह्ये बघ, बाबाला भेटलं व्हतं!" ती चुलीकडे धावली, आजीच्या पिठाच्या हातात कार्ड कोंबलं, दोन गिरक्या घेतल्या, परत येऊन जमिनीवरची चार कोरी कार्डं उचलली. "म्या आत्ता पेटी बघून येते. माजा हात आता पुरतो का बघते," म्हणत ती बाहेर पळाली. अंगणातून तिच्या उड्यांचा आवाज लांब लांब गेला.

चतुराबाई तव्यावरची दशमी तशीच ठेवून उठली. गुडघ्यावर हात दाबत दारापर्यंत आली आणि उजेडात तिने कार्ड धरलं. अक्षरांकडे तिने बघितलंच नाही. अंगठा फाटलेल्या कोपऱ्यावरून फिरवला, एकदा, दोनदा. तिथं पीठ लागलं. आत तव्यावर दशमी जळायला लागली होती.

"ह्यो तर म्या फाडलेला कोपरा हाय," ती म्हणाली. मग चंद्रभानकडे वळली. आवाजात राग नव्हता. तिला फक्त खरंच कळत नव्हतं. "भेटलं व्हतं तर मंग आला का न्हाईस रं?"

चंद्रभान घडी मोडलेल्या लुगड्यापुढे बसला होता. त्याने मान वर केली.

"माय," तो म्हणाला, "म्या ते वाचलं."